तुझ्या नवऱ्याने अजगर धरला नाही

नेलिता बाळे, तुला आणि पोटातल्या पाहुण्याला माझे आशीर्वाद.

आम्ही मजेत आहोत. नदीचं पाणी उतरलं आणि सफरीची बोट वाळूवर बसली, एवढंच. चहूकडे चिखल, पायवाट नाही. पाहुणे जंगल बघायला आलेत, तर म्हटलं, बघा आता पोटभर. बोटीवरची स्वयंपाकीण मीच, केळी तळून घालते.

हे लिहून घेताना तुझा नवरा तोंड वाकडं करतोय. काल पाहुण्यांनी त्याच्याकडे हट्ट धरला, "अजगर उचलून दाखव!" हा वाकलाच. मी ओरडले, "एलमेर, बायको पोटुशी असताना सापाला हात? बाळ तसंच पिळे घेत रडेल!"

"सासूबाई, वाटाड्या मी आहे."

"आणि आजी मी!" शेवटी मीच धरला. फोटोत अजगरच जास्त घाबरलाय.

पाय सुजलेत का गं? थोरलीला एकटीला नदीवर पाठवू नकोस.

वर डोंगरात पाऊस झाला तरच बोट सुटेल. पाणी मोजायला रोवलेली काठी रोज बघते. पाणी खालीच जातंय. पत्र नेणाऱ्या केळीवाल्याकडे होडीत जागा मागितली, तर म्हणतो, "आजी, सगळे घड उतरवले तरी तुम्ही मावणार नाही."

बाळाला मीच झेलणार होते. पण कळा सुरू झाल्या तर माझी वाट बघू नकोस, एतेल्विना सुईणीला बोलाव. हो, माझ्याशी भांडते तीच. तिचा हात हलका आहे, असं मी म्हटल्याचं तिला सांग. एकदाच सांग.

वाळूवर बसलेली,
तुझी आई