तिचं लग्न ठरलंय

अण्णा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा राग गेलेला नाही. जाईल म्हणून पुष्कळ वाट पाहिली. आता माझंही वय झालं, म्हणून लिहून टाकते.

स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी तुम्ही मुंबई सोडून किहीमला परत आलात. ज्या गवयाच्या मागे बसून उमेदीची सगळी वर्षं व्हायोलिनची साथ केलीत, त्याने दुसरा साथीदार धरला होता. तुम्ही घरी आलात आणि मला शिकवायला बसलात. स्वयंपाकघरातच, कारण ओसरीवर नारळांचा ढीग असायचा. आई भाकऱ्या थापते आहे, मी भिंतीला टेकून बसले आहे, आणि तुम्ही म्हणता आहात, "आधी गळ्यातून म्हण. गळ्यात नाही ते बोटांत कुठून येणार?" सूर चुकला की तुमच्या कपाळाला आठी पडायची आणि गजाची काठी मनगटावर बसायची. पण गोव्याला परत निघालेल्या एका बँडवाल्याकडून तुम्ही माझ्यासाठी व्हायोलिनही आणलंत. काळपट लाल, आवाजाला जरा घोगरं. "हे तुझं," म्हणालात. "ह्यावर तू पुढे बसून वाजवायचं. माझ्यासारखं कुणाच्या पाठीकडे बघत नाही." मी विश्वास ठेवला, अण्णा. सगळ्यांत जास्त संताप अजूनही त्या वाक्याचाच येतो.

अलिबागच्या गणेशोत्सवात तुमचं वादन ठरलं, तेव्हा मला साथीला मागे बसवलंत. बागेश्री रंगात आली होती. एका जागी तुमचं बोट अडखळलं आणि ती जागा मी उचलली. मुद्दाम नाही, हात आपसूक गेला. पुढे बसलेले म्हातारे वकील म्हणाले, "वा! मुलीचं पुन्हा होऊ द्या." तुम्ही मागे वळलात, तुमचा गज माझ्या तारांवर आडवा ठेवलात आणि हसून म्हणालात, "तिला अजून पुष्कळ शिकायचंय." सगळे हसले. उरलेला सगळा वेळ मी हात मांडीवर ठेवून बसले. परतताना टांग्यात तुम्ही एवढंच बोललात, "साथीला बसलेल्याने आपली पायरी ओळखावी." हेच तुम्हाला त्या गवयाने ऐकवलं होतं. तुम्हीच मला सांगितलं होतंत.

मग त्या बाई आल्या. मुंबईच्या गायिका, हवापालटासाठी समुद्रालगतच्या बंगल्यात उतरलेल्या. माझा रियाज वाडीतून त्यांच्या कानावर जायचा. एका सकाळी त्या सरळ आपल्या ओटीवर येऊन बसल्या. मी आत विळीवर नारळ खवत होते.

"मुलीला माझ्याकडे पाठवा," त्या म्हणाल्या. "रेडिओवर पेटी चालत नाही, मला व्हायोलिन लागतं. माझ्याच घरी राहील. पुढे तिचं एकटीचं वादनही करवीन."

"तिचं लग्न ठरलंय," तुम्ही म्हणालात.

आईने माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे. तिलाही ठाऊक नव्हतं, कारण काही ठरलंच नव्हतं. मग तुम्ही घाईघाईने ठरवलंत, तळे गावच्या एका शाळामास्तरांशी. माणूस चांगला निघाला, त्यात तुमचं काही श्रेय नाही. सासरी निघताना मी व्हायोलिन उचललं, तर तुम्ही ते हातातून काढून घेतलंत. "तिकडे भातशेती आहे. हे कुठे वाजवत बसणार? राहू दे इथेच."

तळ्याला समोरच्या वाण्याकडे रेडिओ होता. एका संध्याकाळी तो धावत दाराशी आला. "वैनी, लवकर या! तुमच्या वडलांचं नाव घेतलं रेडिओत!" गात होत्या त्याच बाई. साथीला तुम्ही. आणि वाजत होतं माझं व्हायोलिन. तो घोगरा आवाज मी कुठेही ओळखला असता. वाणी कौतुकाने माझ्या तोंडाकडे बघत होता. "छान वाजवतात," मी म्हणाले, आणि घरी येऊन उखळात भात कांडायला घेतला. घरात तांदूळ होते. पण मुसळाच्या आवाजात रेडिओ ऐकू येईनासा झाला.

माझ्या मुलीच्या बारशाला तुम्ही आलात, तेव्हा मी विचारलं, "अण्णा, त्या मला न्यायला आल्या होत्या ना?" तुम्ही पानाला चुना लावत होतात. वर न बघता म्हणालात, "तुझ्यापुढे संसार होता. माझ्यापुढे काय होतं?" त्यावर काय म्हणावं ते आजही सुचत नाही, आणि म्हणूनच तुम्हाला माफ करता येत नाही.

तुम्ही गेल्यावर आईने व्हायोलिन तळ्याला पाठवून दिलं. तुमच्या बोटांनी तारांखालची पट्टी झिजली होती. माझी बोटं कामाने जड झाली होती. मास्तर म्हणाले, "वाजव. लोक काय म्हणतील ते मी बघतो." मग उरणपासून महाडपर्यंत ज्याने बोलावलं त्याला साथ केली, मागे बसून, कुणाच्या तरी पाठीकडे बघत. पुढे बसायला मिळालं तोवर केस पांढरे झाले होते.

काल अलिबागला माझं एकटीचं वादन झालं. द्रुतात एके ठिकाणी मी सुरावरून घसरले. कुणाच्या लक्षात आलं नाही. टाळ्या झाल्या, शाल दिली. हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी टाकलं नसतं. पण घसरले त्या क्षणी मी मान वर करून समोरच्या माणसांत बघितलं. कुणाच्या तरी कपाळाला आठी पडलेली दिसावी, असं फार वाटलं. एकाच्याही पडली नव्हती.