घरगाडीसाठी चार जॅक तातडीने पाठवणेबाबत

लातूर

तीर्थस्वरूप वीरेशअण्णा यांस विरूपाक्षचे शरणू शरणार्थी.

आपली तब्येत, वहिनींचे गुडघे आणि नांदेडचं दुकान ही तिन्ही जागच्या जागी असतील असं धरून चालतो. इकडे आम्ही बरे आहोत. माझी कंबर तेवढी आपण दिलेल्या गादीमुळे धरली आहे. ही गादी झोपणाऱ्याच्या अंगाचा आकार लक्षात ठेवते असं आपण छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. ती ठेवते, पण माझा नाही, माझ्याआधी तिच्यावर कोण झोपलं होतं त्याचा ठेवून बसली आहे. आपल्याला ‘तीर्थस्वरूप’ लिहिलं ते आपण नीलम्माचे थोरले भाऊ म्हणून. गाडीसजावटीचे दुकानदार म्हणून लिहायला बसलो असतो तर वरची ओळ वेगळी झाली असती, हे आपण जाणून घ्यावं.

आता मूळ गोष्ट पुन्हा सांगतो, कारण एकेक वस्तू काढून काउंटरवर ठेवताना ती आपण विसरलात असा माझा समज आहे. सुकन्याला दुसऱ्या खेपेचे दिवस भरत आले आहेत. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, आमच्याकडे झालं, दुसरं सासरी, म्हणजे हैदराबादेत, नवव्या मजल्यावर. लेक रोज फोनवर म्हणते, आई, तू ये. आणि आई किल्लारीची. भूकंपापासून नीलम्मा पक्क्या छताखाली रात्र काढत नाही, आमच्या स्वतःच्या घरातही मागच्या पत्र्याच्या खोलीत झोपते, हे तिच्या सख्ख्या भावाला मी काय सांगावं? लेकीच्या घरी ती आजवर एकदाच गेली. सकाळी पोचली, जेवली, ‘चांगलं हाय घर’ म्हणाली आणि त्याच संध्याकाळच्या बसमध्ये येऊन बसली. म्हणून मी शाळेची जुनी मिनीबस घेतली, सीटा काढून पलंग आणि शेगडी बसवली. गाडी इमारतीखाली लावायची, नीलम्माने दिवसा लेकीजवळ राहायचं आणि झोपायला खाली गाडीत यायचं, इतका साधा बेत होता. चूक एवढीच झाली की ‘अण्णा, प्रवासाला आणखी काय काय लागेल?’ असं मी आपल्याला विचारलं.

आपण दिलेल्या प्रत्येक वस्तूचं एकच वर्णन होतं, ‘ह्याच्याबिगर गाडी भाईर काढूच नका.’ गॅस गळला तर ओरडणारा अलार्म घ्या. घेतला. तो गॅसला ओरडतो की नाही अजून कळलेलं नाही, पण लसणाच्या फोडणीला असा ओरडतो की शेजारचे शेषेराव पाण्याची बादली घेऊन धावत आले. (नीलम्माने त्याच्यावर ओला टॉवेल टाकला आहे. लग्नापासून माझ्या घरात माझ्या फोडणीला कुणी नाव ठेवलं नाही, असं ती त्याला म्हणाली.) टायरमधली हवा सांगणारं यंत्र घ्या. घेतलं. ते औसा रोडवर असं किणकिणू लागलं की चारही चाकं तपासून झाली, आणि मग लक्षात आलं की ते स्टेपनीच्या काळजीने रडत होतं. झाकणाचा तो घडीचा संडासही घेतला. त्याची हकिकत पुढे येईल, जेवण झालं असेल तर वाचा.

हैदराबादेला जाण्याआधी रंगीत तालीम म्हणून आम्ही देवणीजवळ आपल्या सिद्धेश्वरकाकांच्या गावी गेलो. काकांना आनंद झाला. काकूंना त्याहून झाला. नवी गाडी दारात आली म्हणजे तिची पूजा आलीच. नारळ फुटला, पुढच्या काचेला हार पडला. मग काकू मागे गेल्या आणि आपण बसवून दिलेल्या रिव्हर्स कॅमेऱ्याची गोल काच पाहून म्हणाल्या, ‘ह्यो तर डोळाच हाय की गाडीचा.’ आणि गाडीच्या कपाळावर ओढावी तशी तीन बोटं विभूती त्यांनी त्या डोळ्यावर ओढली. मला हे ठाऊक नव्हतं. गाडी सावलीत लावावी म्हणून मी मागे घेऊ लागलो, तर पडद्यावर सगळं धुकं. भर उन्हात देवणीला धुकं कसं, याचा विचार करेपर्यंत मी काकांच्या कडब्याच्या गंजीत अर्धा गेलो होतो. काका पेंढ्या परत रचू लागले. जावई आहे, काय बोलणार?

दरम्यान काकूंनी गाडी आतून पाहून घेतली. तो संडास त्यांना फार आवडला. कोरा डबा, घट्ट झाकण, मुंगी शिरायची सोय नाही. मी हातपाय धुऊन येईपर्यंत त्यांनी त्यात सुकन्यासाठी कुरडया भरून ठेवल्या होत्या. मी गप्प बसलो. (सांगितलं असतं तर कुरडयाही गेल्या असत्या आणि त्या घरातली आमची मर्यादाही.)

आता मुख्य प्रसंग. गाडीच्या मागे आपण लोखंडी शिडी बसवून दिली आहे. ‘हत्ती बांधला तरी हलणार न्हाई’ हे आपलेच शब्द. काकांनी हत्ती बांधला नाही, त्यांनी आपला देवणी वळू बांधला. दावणीजवळ माझी गाडी उभी, तिला एवढी दणकट शिडी, ती रिकामी कशाला ठेवायची, असा त्यांचा सरळ हिशोब. दुपारची जेवणं झाली. नीलम्मा पहिल्यांदाच गाडीत आडवी झाली, आतून कडी लावली, आणि तिला झोपही लागली. त्याच सुमाराला वळूच्या पाठीला खाज सुटली.

अण्णा, तो घासू लागला आणि अख्खी गाडी डुलू लागली. आतली भांडी खाली आली, अलार्मवरचा टॉवेल घसरला आणि तोही ओरडू लागला. नीलम्मा ‘भूकंप’ म्हणत दार लोटून बाहेर. आपल्या भागात हा शब्द ऐकल्यावर कुणी खुलासा विचारत बसत नाही. आळी रिकामी झाली. काकू हातातल्या उलथन्यासकट, कुणी अंगाला साबण तसाच ठेवून, पत्ते खेळणारे पत्ते छातीशी धरून, सगळे समोरच्या रानात उभे. (मी सर्वांच्या पुढे होतो, ते वाट दाखवायला.) परत घरात शिरायला कुणी तयार नाही. फोनाफोनी सुरू झाली. निलंग्याला काही जाणवलं नव्हतं, पण उदगीरहून काकांच्या साडूंनी ‘हाव, आमच्याकडं बी लई हललं’ असं सांगितल्यावर शंकाच उरली नाही. शेवटी वळूने दुसरी बाजू खाजवायला घेतली, तेव्हा जमीन स्थिर आणि फक्त माझी गाडी हलते आहे, हे सगळ्या गावाने उघड्या डोळ्यांनी पाहिलं.

लोक हसले. नीलम्मा हसली नाही. लिंबाखाली बसून गाडीकडे बघत राहिली. परतीच्या वाटेवर ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. ही गाडीही तिने सोडली तर लेकीजवळ जायला तिला दुसरी वाट नाही.

म्हणून विनंती अशी की अलार्म, कॅमेरा, किणकिणं यंत्र आणि ती आठवणवाली गादी आपण परत न्यावी, आणि गाडी उभी केल्यावर चारही कोपऱ्यांना खालून लावायचे ते आधाराचे जॅक ताबडतोब पाठवावेत, म्हणजे गाडी तसूभरही हलणार नाही. एवढी एकच वस्तू खरोखर गरजेची होती आणि नेमकी तीच आपण विकली नाही. वहिनींना नमस्कार.

आपला,
विरूपाक्ष

ता. क. जॅक पाठवू नका. हे पत्र नीलम्माला वाचून दाखवलं. देवणीहून आल्यापासून ती अंगणात गाडीतच झोपते आहे. रागाने झोपते असं मी समजत होतो. ती म्हणाली, ‘हललं, भांडी पडली, मी दार लोटलं आन भाईर आले. डोक्यावर कायबी पडलं न्हाई. हलू द्या की.’ गुरुवारी हैदराबादेला निघायचं ठरलं आहे.

ता. क. आणखी एक. गाडीत पलंग एकच, आणि सुकन्या म्हणते, बाळंत होईपर्यंत मीही आईजवळ खालीच झोपणार. म्हणजे नवव्या मजल्यावर मी आणि जावई. अण्णा, भूकंपाच्या त्या पहाटे मीही लातुरातच होतो. इतकी वर्षं त्या पत्र्याच्या खोलीत मी तिच्या सोबतीला झोपतो, असं सगळे समजतात. मीही कुणाची समजूत मोडली नाही. तेव्हा आपण गुरुवारी गाडी चालवायला म्हणून या आणि आठवडाभर राहा. वर हॉलमध्ये आपल्या दोघांच्या गाद्या टाकू. दाराजवळची माझी.