पालकाची संमती

शिनोली, ता. आंबेगाव
१७ मे २००३

चि. जयवंत यास आईचा आशीर्वाद आणि जय भीम. सूनबाईलाही तेवढाच, तिला थोडा जास्तच दे, तुझ्यासारख्याबरोबर राहते.

इकडे सगळं बरं आहे. काल पौर्णिमेची खीर केली. विहारात सगळ्यांनी वंदना म्हटली, मी नुसते ओठ हलवले. दात पडल्यापासून पाली लई अवघड जाते. कांदा बराखीत भरून झाला. म्हैस आटलीय, आणि मी काही बोलायला गेले की तोंड फिरवते. तुझी आठवण येते तेव्हा मी गोठ्यात जाऊन बसते.

पत्र लिहितेय तुझी लेक. स्वप्ना सुट्टीला आल्यापासून माझं 'व्हतं' खोडून 'होतं' लिहिते. म्हणजे पत्र माझं आणि तोंड तिच्या शाळेतल्या बाईंचं. असू दे.

फोनही करता आला असता. पण दुकानातला फोन, मागे चार माणसं कान लावून उभी, आणि तू 'बरं, बरं' म्हणून ठेवून देतोस. हे 'बरं' म्हणून ठेवण्यासारखं नाही.

काल दुपारी सोपान आला होता. तुझा मेव्हणा, चार वर्षांनी. उंबऱ्याच्या आत आला नाही. लेकीच्या लग्नाची पत्रिका दिली. पंचवीस तारखेला, रविवारी, निरगुडसरला. म्हणाला, "दाजी येणार न्हाईत, मावशी. पर ताईला तेवढं पाठवा. आत्याशिवाय पोरीला हळद लावायची कशी?" खीर दिली तर उभ्यानंच खाल्ली.

तो गेल्यावर मला जेवण गेलं नाही. स्वप्नाला वाटलं, म्हातारीनं तीन वाट्या हाणल्या म्हणून. दोनच होत्या.

जयवंता, आपला भूषण भरतीला निघाला तेव्हा कागदावर पालकाची संमती लागत होती. पोराला अठरा पूर्ण नव्हती. तू सही दिली नाहीस. एकुलता मुलगा, तुझं काही चुकलं नव्हतं. पुढं तो सोपानमामाबरोबर पुण्याला गेला आणि भरती होऊन आला, तेव्हा तू धरून चाललास की सही मामानं केली. दीड वर्षानं, नव्व्याण्णवच्या जूनमध्ये, कारगिलहून पेटी आली. सोपान खांदा द्यायला पुढं झाला आणि तू त्याला सगळ्या गावासमोर ढकललंस. "माझं पोर तू मारलंस," म्हणालास. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं. मी पदर सारखा केला.

सही सोपानची नव्हती. अंगठा माझा होता.

स्वप्नाचं पेन थांबलंय. तिलाही आत्ताच कळतंय. रडू दे, मला घाई नाही.

पाणी पिऊन आली. पुढं ऐक.

चार वर्षं मी मनात एक उत्तर तयार ठेवलं होतं. तुला कळलंच तर म्हणायचं, मी अडाणी बाई, पोरानं रॉकेलचा कागद म्हणून अंगठा घेतला असेल, मला काय ठाऊक! बाबासाहेब शिका म्हणून सांगून गेले, मी शिकले नाही, त्याचा एवढा तरी उपयोग होईल, असं वाटलं. पण जयवंता, तुझं पोर तसं नव्हतं. त्यानं तो कागद मला दोनदा वाचून दाखवला. "आजी, आधी नीट ऐक, मग अंगठा दे. मागनं म्हणशील फसवलं." मी म्हटलं, "मेल्या, मला फसवणारा अजून जन्मायचाय." मला सगळं कळलं होतं. लढाई झाली तर काय, हेही मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "झाली तर जायला लागंल."

तरी दिला. का दिला, ते सांगते. तू नाही म्हटल्यावर आठ दिवस तो माझ्या एकाही बोलण्यावर हसला नव्हता. त्याच्या काटक्यांसारख्या पायांवरनं बोलले, मिसरुडावरनं बोलले, हसेना. ताट पुढं ओढायचा आणि बघत बसायचा. मला ते सोसेना. अंगठा उठवला आणि बोटाची शाई त्याच्या नाकाला पुसली. मग हसला, गोठ्यातली म्हैस दचकेल असा. जाईपर्यंत हसतच होता. माझ्याकडं त्या आठवड्याचं सुख आहे, जयवंता. तुझ्याकडं तेही नाही. हे मला रोज टोचतं.

काल सोपानला मी उंबऱ्यावरच विचारलं, "तू का नाही रे बोललास?" तो म्हणाला, "दाजींना कुणावर तरी राग काढायचाच व्हता, मावशी. तुमच्यावर काढला असता तर बिचारे जेवायला कुठं गेले असते? मेव्हण्यावाचून माणसाचं काय अडत न्हाई."

त्याचा 'व्हता' खोडू नको गं स्वप्ना. तो त्याचा आहे.

सूनबाईला हे सगळं वाचून दाखव. तिचा मुलगा लढाईनं नेला. तिचा भाऊ मात्र मी नेला. पोराचं दुःख तिला माहेरी बसून कधी रडता आलं नाही, ते माझ्या गप्प बसण्यापायी.

माझ्यावर रागाव. दिवाळीला आला नाहीस तर मी कुणाला कारण विचारणार नाही, म्हशीशी बोलेन. पण पंचवीस तारखेला तिला घेऊन निरगुडसरला जा. सगळ्यांसमोर ढकललं होतंस, सगळ्यांसमोरच त्याचा हात धर. तोंडातून शब्द फुटला नाही तर एवढंच म्हण, "आईनं पाठवलंय."

तुझी आई,
आणि भूषणला 'जा' म्हणणारी त्याची आजी,
द्रौपदा