डाव्या बाजूचं टोक

प्रिय दादा,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तुला वाटलं असेल, नेहमीची खुशाली असणार: आईचे गुडघे, कारखान्यातली धावपळ, शेजारच्या मांजराचे प्रताप. ते सगळं ठीक आहे, मांजरासकट. हे पत्र मात्र तुझ्या आणि बाबांच्या भांडणाबद्दल आहे. लगेच घडी घालून ठेवून देऊ नकोस. मी तुझी समजूत घालायला बसलेले नाही; ते काम आईने पुष्कळ केलं आणि शेवटी तीही कंटाळली. मी यंत्राबद्दल लिहिणार आहे. त्यातून तुम्ही दोघं पुन्हा एकमेकांशी बोलायला लागलात तर मला हवंच आहे. तू गेल्यापासून मला दुसरं काही हवं असं वाटलेलंच नाही, पण ते मी आजवर लिहिलं नव्हतं.

आधी बातमी. आपल्या यंत्राला अखेर अंगरखा चढला. एका मोठ्या कचेरीने आपली यंत्रं मागितली, पण दात्यांची चाकं उघडी नकोत अशी अट घातली. त्यांचे भांडारप्रमुख स्वतः बघायला आले होते. मी त्यांच्यापुढे माझी पोपटपंची सुरू केली, की टाइपरायटरची रिबन बाजूला करून मेणाच्या कागदावर मजकूर टाइप करायचा, अक्षराच्या जागी मेण सरकतं, तो कागद शाईच्या ड्रमवर गुंडाळायचा आणि हँडल फिरवायचं, म्हणजे दर फेऱ्याला एक प्रत खाली पडते. हे मी इतक्या वेळा बोलले आहे की आई म्हणते, झोपेतही बडबडतेस. ते गृहस्थ ऐकत ऐकत एक पाऊल मागे सरले, यंत्राच्या फेंगड्या पायात अडखळले आणि तोल सावरायला त्यांनी हात टेकला तो थेट शाईच्या तबकात. पाय आत घ्या, पाय आत घ्या म्हणून तू किती कानीकपाळी ओरडायचास, ते मला तेव्हा आठवलं. हसू दाबता दाबता माझी पुरेवाट झाली. त्यांनी हात धुतले, शाई निघाली नाही, तरीही ऑर्डर दिली. भला माणूस.

मग मी तुझं जुनं ड्रॉइंग काढलं. ते बाबांनी फेकून दिलं असेल असं तू धरून चालला असशील. नळकांड्यात नीट गुंडाळून ते कपाटावर होतं आणि त्यावर धूळ नव्हती. आता ती कोण पुसत होतं हे मी विचारलं नाही, पण आईचा हात तिथवर पोचत नाही. त्या ड्रॉइंगवरून मी पत्र्याचं कवच करून घेतलं. पाय आत घेतले, कागद ठेवायला फळी दिली, चाकं झाकली, करडा रंग दिला. यंत्र असं दिसायला लागलं की एखाद्या साहेबाच्या टेबलाशेजारीही लाज वाटू नये. तू काढलेली गोलाई पत्र्यात वळवताना आमच्या पत्रेवाल्याने तुझ्या नावाने बोटं मोडली, तेवढं सहन कर. तिकडच्या नोकरीत पंख्यांच्या जाळ्यांची ड्रॉइंग काढून काढून तुझा हात बिघडला नसेल तर अजून दोन-चार ठिकाणी सुधारणा हवी आहे.

बाबांनी या सगळ्याला विरोध केला नाही. ज्या माणसाने या कवचापायी घर डोक्यावर घेतलं होतं, झाकलेलं यंत्र बिघडलं तर चालवणाऱ्याला कळणार कसं म्हणून जो तुझ्याशी दिवसचे दिवस हुज्जत घालत होता, तो खुर्चीत बसून नुसता ऐकत होता. याचं कारण मला तुला सांगायलाच हवं. त्यांना काचबिंदू झाला आहे. आईने तुला कळवायचं नाही अशी त्यांनी शपथ घातली, मला घालायला ते विसरले. त्यांना समोरचं दिसतं, पण नळीतून पाहावं तेवढंच. बाजूचं सगळं गेलं आहे, आणि गेलेलं परत येत नाही असं डॉक्टर म्हणाले. नवीन यंत्र त्यांना एका नजरेत दिसत नाही. एक स्क्रू दिसतो, मग जरा मान वळवली की दुसरा. बाकीचं ते हातांनी बघतात. चहाचा कप शोधताना त्यांचा हात टेबलावरून सरकत जातो तेव्हा मला तिथून उठून जावंसं वाटतं, पण मी उठत नाही. लेथवर मात्र ते अजून बसतात, आणि मी ओरडले तर मलाच वेड्यात काढतात. लाकूड काय डोळ्यांनी घासायचं असतं का, असं म्हणतात.

आता भांडणाकडे येते. तुझ्या ड्रॉइंगमधलं सगळं बाबांना नापसंत नव्हतं, हे तुलाही ठाऊक आहे. पायांवर त्यांनी तोंड वाकडं केलं आणि मान्य केलं. कवचावर ते वाद घालत होते, म्हणजे हळूहळू वळले असते. ते अडून बसले ते डाव्या बाजूवर. हँडल उजवीकडे असतं, चाकं उजवीकडे असतात, डावीकडे काहीच नाही. तरी ड्रमचा शाफ्ट डावीकडे चार बोटं बाहेर येतो आणि त्याला चौकोनी टोक आहे. त्या टोकासाठी बिडाच्या चौकटीला तिथे जाड उंचवटा ओतावा लागतो. तू ते टोक कापून ती बाजू सपाट दाखवली होतीस. फुकटचं वजन आहे, टायपिस्टची बाही त्यात अडकते, आणि त्याचा उपयोग काय ते एकदा तरी सांगा, असं तू म्हणालास. बाबा म्हणाले, टोक राहणार. का, तर राहणार म्हणजे राहणार. तू म्हणालास, स्वतःच केलेली चूक कबूल करायची नाही म्हणून तुम्ही ती प्रत्येक यंत्रात ओतत बसला आहात. त्यावर ते लेथकडे वळले, आणि तू बॅग भरलीस. मी दारात उभी होते. तुझंच बरोबर आहे असं तेव्हा मलाही वाटलं होतं, आणि अगदी मागच्या महिन्यापर्यंत वाटत होतं.

मागच्या महिन्यात कवच बसवायची वेळ आली तेव्हा ते टोक कापल्याशिवाय डावा पत्रा लागेना. मी करवत घेतली. पातं बोथट निघालं, नवीन शोधायला बाबांच्या टेबलाचा खालचा खण उघडला. पात्यांखाली कापडात गुंडाळलेलं एक हँडल मिळालं. आपल्याच यंत्राचं, पण लहान. त्याची लाकडी मूठ इतकी बारीक आणि आखूड की माझी दोनच बोटं तिच्यावर मावली. लाकूड गुळगुळीत घासलेलं, तेल पाजलेलं, कुणी कधी न वापरलेलं. कुणाला दाखवायला केलेला नमुना असेल असं मला वाटलं. हातात होतंच म्हणून मी ते त्या टोकावर लावून पाहिलं. टक्क आवाज झाला आणि ते बसलं, जरासुद्धा न हलता. मी फिरवलं, ड्रम फिरला, कागद सरकला. डावीकडून, डाव्या हाताने.

तो आवाज बाबांनी खुर्चीतून ओळखला. भिंतीला हात लावत आले आणि मला काही बोलू न देता त्या मुठीवर अंगठा ठेवून उभे राहिले. मी विचारलं, हे काय आहे. तुला बाबा माहीत आहेत. सरळ प्रश्नाला सरळ उत्तर दिलं तर त्यांचा घसा बसतो. सुरुवात त्यांनी बिडाच्या भावापासून केली. पण हळूहळू जे सांगितलं ते असं. तू शाळेत नुकता जायला लागला होतास. कारखान्यात आलास की हँडल फिरवायचा हट्ट करायचास, आणि तू पक्का डावखुरा. उजवीकडच्या हँडलपर्यंत डावा हात न्यायला तू यंत्रावर आडवा पडायचास, कागद तिरके यायचे, प्रती शाईने बरबटायच्या आणि सगळे कामगार हसायचे. एक दिवस तू रडत घरी गेलास. तिकडे शाळेत बाईंनी तुझा डावा हात पाठीमागे धरायला लावून उजव्या हाताने लिहून घ्यायला सुरुवात केली होती. बाबांनी शाळेत जाऊन भांडण केलं नाही, ते त्यांना कधी जमलं नसतं. त्यांनी चौकटीचा लाकडी साचा बदलायला घेतला. डावीकडे उंचवटा दिला, शाफ्ट लांब केला, टोकाला चौकोन घासला आणि तुझ्या मुठीच्या मापाचं हँडल केलं. साचा, ओतकाम, बेअरिंग, सगळं होईपर्यंत बरेच महिने गेले. यंत्र तयार झालं तेव्हा तू उजव्या हाताने छान लिहायला लागला होतास आणि कारखान्यात यायचं सोडून दिलं होतंस. बाबांना वाटलं, आता ते हँडल पुढे केलं तर पोराला पुन्हा आपण वेगळे आहोत असं वाटेल. म्हणून खणात ठेवलं. टोक मात्र काढलं नाही. त्यानंतरच्या प्रत्येक यंत्राला ते आहे, कचेऱ्या-कचेऱ्यांतून, कुणालाच न लागणारं.

मग दादाशी भांडण झालं तेव्हा हे सांगितलं का नाही, असं मी विचारलं. मला खरंच राग आला होता, दादा. त्यांनी थोडा वेळ मूठ चाचपली आणि म्हणाले, तो चूक म्हणाला ना, मग काय सांगणार. एवढंच. मी त्यांच्यावर ओरडणार होते, पण ती मूठ त्यांनी ज्या तऱ्हेने धरली होती ते पाहून ओरडवलं नाही. मी तोंड धुवायला गेले आणि चांगली रडून आले. हे तुला लिहिताना मला काही कमीपणा वाटत नाही.

यानंतरचा भाग तुला आवडेल. डाव्या पत्र्याचं काय करायचं म्हणून मी करवत घेऊन उभीच होते. बाबांनी पत्र्यावरून हात फिरवला, टोकाची जागा अंगठ्याने दाबली आणि म्हणाले, इथे भोक ठेव. टोक बाहेर कशाला यायला हवं? कवच जरा रुंद कर, टोक आतच राहू दे, भोकावर सरकतं झाकण लाव. बाही अडकायची नाही, बाजू सपाट दिसेल, आणि ज्याला हँडल हवं तो झाकण सरकवून लावेल. दादा, तुझं म्हणणंही राहिलं आणि त्यांचंही. हे तुम्ही दोघं एका दुपारी करू शकला असतात. तू हुशार, ते तुझ्याहून हुशार, आणि दोघांच्या हुशारीपायी मी आणि आई आळीपाळीने दाराकडे बघत बसलो. मला तुम्हा दोघांचे कान धरून एका यंत्रापाशी उभं करावंसं वाटतं. झाकण पितळेचं केलंय, फार झोकदार दिसतं. भांडारप्रमुख पुन्हा बघायला आले तेव्हा त्यांनी ते तीन-चारदा सरकवून पाहिलं आणि कशासाठी आहे विचारलं. आमच्या घरात एक डावखुरा आहे, असं बाबांनीच सांगितलं, माझ्याआधी.

आईला मी सगळं सांगितलं. तुझं पत्र ती मोठ्याने वाचते तेव्हा बाबा हात धुवायला म्हणून मोरीत जातात आणि नळ सोडत नाहीत, हे तिने मला त्या दिवशी सांगितलं. त्यांचं हे चोरून ऐकणं तिला पहिल्यापासून माहीत होतं. वहिनीला माझा नमस्कार सांग, आणि हे पत्र तिलाही वाचायला दे; तुझ्याकडून काही करवून घ्यायचं तर माझ्यापेक्षा तिचा उपयोग जास्त.

आता लिहायचं खरं कारण. पहिलं यंत्र तयार आहे, फक्त डावीकडचं हँडल व्हायचं आहे. लोखंडी भाग झाला. मुठीचं लाकूड बाबांनी स्वतः निवडलं, लेथला लावलं आणि तसंच ठेवून दिलं. मी विचारलं, घासत का नाही. ते म्हणाले, त्याचा हात आता केवढा झाला असेल, मला कुठे ठाऊक आहे. डोळ्यांत अजून जेवढं शिल्लक आहे तेवढ्यात त्यांना ती मूठ पुरी करायची आहे. या पाकिटात एक कोरा कागद घातला आहे. त्यावर डावा तळहात ठेव, बोटं जराशी वाकव, भोवती पेन्सिलीने रेघ ओढ आणि पाठवून दे. रेघ उजव्या हाताने ओढावी लागेल, ती तुला छान येते. पण खरं सांगू का, कागदावरची रेघ बाबांना आता नीट दिसायची नाही. त्यांना माप घ्यायचं तर हातच हातात द्यावा लागेल.

तुझीच,
शेपूट