अकरा जणांचं पाठ

ती. आईस,
पियुषचा नमस्कार. मी मजेत आहे, खराडीतली नोकरी नीट चालली आहे. करंगळीला पट्टी आहे, पण नुसती मुरगळलीय. तुझे गुडघे कसे आहेत?

रविवारी आमची अमेरिकन फुटबॉलची टीम जिंकली! यात चेंडू हातात घेऊन पळतात. प्रत्येक चालीआधी मी सगळ्यांना गोळा करून एक लांबलचक वाक्य सांगतो: कोण कुठे उभा राहणार, कोण कोणाला अडवणार, कोण कितव्या पावलाला वळणार, किती मोजल्यावर चेंडू सुटणार. बाकीचे त्यातला आपापला तुकडा ऐकतात. मला मात्र अकराही जणांचं पाठ असावं लागतं. अशा साठ चाली आहेत, आणि सांगायला अर्धं मिनिटही नसतं.

शेवटच्या चालीआधी समोरच्या टीममधला, माझ्या जुन्या कॉलेजातला एकजण हसून म्हणाला, "कॉलेज झेपलं नाही, हे झेपणार का?" तेही उत्कर्षाच्या देखत! फोनवर जिच्याबद्दल सांगितलं होतं ना, तीच. माझे हात शिवशिवले. पण भांडलो असतो तर वाक्य विसरलो असतो. दात आवळले आणि शब्दन् शब्द बरोबर सांगितला. आमच्या टीममधल्या साईने चेंडू झेलला, आम्ही जिंकलो.

उत्कर्षा म्हणाली, "बरं खेळलास." पुण्यात हे फार मोठं कौतुक समजतात. त्या नादात मी काल जेवायचंच विसरलो.

सरांशी भांडून कॉलेज सोडल्यापासून बाबा माझ्याशी बोललेले नाहीत. त्यांना जिंकल्याचं नंतर सांग, आधी सांग की मी भांडलो नाही. दिवाळीला येऊ का, तेही विचार. नुसती मान हलवली तरी लगेच कळव.

तुझाच,
पियुष