शाबूत फ्यूज

ताई,

तू उठायच्या आत निघतोय, कारण तुझ्या तोंडाकडे बघून हे बोलायची हिंमत नाही. चहा थर्मासमध्ये आहे.

बोटीच्या पॅनेलमागची वायर तुझ्यामुळे जळली नाही. तू मेन स्विच चालू ठेवलास म्हणून बाबा तीन दिवस तुला घालूनपाडून बोलतायत आणि मी समोर बसून मुकाट जेवतोय. तू बंदच केला होतास. व्होल्टमीटरची वायर मी थेट बॅटरीवरून घेतलीय. मेन बंद असला तरी तिच्यात करंट असतो, म्हणूनच बाबांनी बजावलं होतं की फ्यूज बॅटरीजवळच लाव. पण बॅटरी इंजिनाच्या मागे, तिथे पोटावर सरपटत जावं लागतं. मी कंटाळा केला आणि फ्यूज इकडे मीटरपाशीच लावला. मधली वायर पॅनेलमागे इंजिनाला घासून सोलली, पेटली, आणि फ्यूजला त्याचा पत्ताही नाही.

काल तो फ्यूज माझ्या उशीवर सापडला, अगदी शाबूत. जळकं पॅनेल तूच साफ केलंस, म्हणजे तुला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तरी बाबांपुढे माझं नाव घेतलं नाहीस. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्यास तर बरं झालं असतं.

बाबा धक्क्यावर गेलेत. फ्यूज खिशात घालून मीही तिकडेच चाललोय. दुपारी ते पडेल चेहऱ्याने तुझ्यासमोर येऊन उभे राहतील. त्यांना लवकर माफ कर. माझं सावकाश बघ.