एका पार्टिशनचे दोन मालक

३ तारीख, सोमवार. सकाळी साडेसात.
आजपासून रोजनिशी. कॉम्प्युटरवरच. फाइलचं नाव 'वॉशिंग मशीन वॉरंटी', म्हणजे घरात कोणी उघडणार नाही.

वहिनींचा जुना कॉम्प्युटर गेला. कपडे बेतायचा त्यांचा जुना प्रोग्रॅम नव्यावर चालत नाही. दुरुस्तीवाल्याला बोलावते म्हणाल्या. मी म्हटलं, घरात माणूस असताना? ऑफिसात प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मीच काढतो. नव्या कॉम्प्युटरच्या पोटात एक जुना कॉम्प्युटर चालवायचा. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. वहिनींनी एवढंच विचारलं, की भावजी, माझे पॅटर्न नीट राहतील ना? अकरा वर्षांचे चारशे बारा आहेत. बँडपथकाचे चाळीस कोट याच महिन्यात द्यायचेत. म्हटलं, डोळ्यांत तेल घालून बघतो.

५ तारीख. संध्याकाळी.
जमलं! जुनी डिस्क नव्यात बसवली. तिचं नाव आता डी. ही रोजनिशीही तिथेच हलवली, सर्वांत सुरक्षित म्हणून. जुना डबा भंगारात.

अडचण एकच. बेतायचं आतल्या मशीनवर, छापायचं बाहेरच्या. मग पॅटर्न दोघांनाही दिसायला हवेत. सोपं आहे. डीचं सबंध पार्टिशन, म्हणजे डिस्कचा तो अख्खा कप्पा, दोघांनाही देऊन टाकलं. स्क्रीनवर पिवळा त्रिकोण आला: एकाच वेळी दोन्हीकडून वापरू नका. असल्या सूचना नवशिक्यांसाठी असतात.

६ तारीख.
वहिनींनी दुरुस्तीवाल्याला प्रिंटरची केबल लावायला बोलावलंच. त्याने डी पाहिला आणि हातातली केबल खाली ठेवली. म्हणाला, साहेब, एकाच वहीत दोघं जण एकमेकांना न दाखवता लिहायला बसले तर काय होईल? म्हटलं, आमच्याकडे एका बाथरूमवर पाच माणसं निभावतात. तो म्हणाला, हो, पण कडी लावून.
उद्धट माणूस.

८ तारीख, शनिवार.
वहिनींनी आत केलेली कॉलर बाहेर दिसेना. सगळं बंद करून चालू केलं. कॉलर आली, बाही गेली. वहिनींना म्हटलं, सेव्ह करायला विसरला असाल. त्या ओशाळल्या. चुकलंच माझं, म्हणाल्या. मला कसंतरी झालं.
संकल्प: उद्या बॅकअप.

९ तारीख.
बॅकअप उद्या.

१० तारीख.
बॅकअप घेतला! डीमध्येच, वेगळं फोल्डर करून. बायको म्हणाली, चोराच्या भीतीने दुसरी किल्ली त्याच कुलपाला लटकवण्यातला प्रकार आहे. तिला टेक्निकल गोष्टी कळत नाहीत.

१२ तारीख. सकाळी.
फोल्डरांची नावं जाऊन नुसते चौकोन दिसतायत. दोन्ही मशीन विचारतायत, डिस्क दुरुस्त करू का? दोघांनाही हो म्हटलं. एकदमच. दुप्पट दुरुस्ती.

१२ तारीख. दुपारी.
पॅटर्न शून्य. बॅकअप शून्य. ही रोजनिशी तेवढी उघडते.

१२ तारीख. चार वाजता.
वहिनींना सांगितलं. म्हणजे, केबल लावताना दुरुस्तीवाल्याने काहीतरी केलं असणार, असं सांगितलं. ठरवून नाही. तोंडातून गेलं. वहिनींनी तिथेच त्याला फोन लावला. कधी कोणाला आवाज चढवून न बोलणारी बाई. त्याला नाही नाही ते बोलल्या. अकरा वर्षं म्हणताना रडल्या. मी त्याच खोलीत उभा राहून एक वायर गुंडाळत होतो. वायर आधीच गुंडाळलेली होती.

१३ तारीख.
वहिनी पॅटर्नसाठी एक जुना कोट उसवत बसल्यात. बायकोने विचारलं, तोंड का उतरलंय? ॲसिडिटी म्हटलं.
संकल्प: उद्या खरं सांगणार. वाक्यं पाठ केली.

१४ तारीख.
वहिनी गडबडीत होत्या.

१५ तारीख.
मी गडबडीत होतो.

१६ तारीख, रविवार.
रविवारी कोणाचा मूड घालवू नये.

१७ तारीख.
दुरुस्तीवाला आपणहून आलाय. डिस्क नेतो, निघेल ते काढतो म्हणाला. माझ्या हातून काही झालं असेल तर निस्तरायला नको का, हेही म्हणाला. मी त्याला पाणी दिलं. खरं सांगायला तोंड उघडलं आणि विचारलं, चहात साखर किती घेता? तो स्क्रूड्रायव्हर आणायला खाली गेलाय, तेवढ्यात लिहितोय. माझी मला लाज वाटते. पण ही झाकली मूठ आहे. वॉशिंग मशीनची वॉरंटी कोण उघडून बघणार? डिस्क गेली की हेही गेलं.

२१ तारीख. कागदाच्या वहीत.
डिस्क आली. चारशे बारापैकी एकही पॅटर्न निघाला नाही. सबंध डिस्कमधून फक्त एक फाइल शाबूत निघाली. नावं सगळी पुसलेली, म्हणून कसली आहे ते बघायला त्याने उघडली. मग छापून वहिनींना आणून दिली. चार पानं. तीन तारखेपासून साखरेपर्यंत.

वहिनींनी चारही पानं वाचली. त्यांनी आधी त्याची माफी मागितली, माझ्या देखत, हात जोडून. ती माफी माझी होती. मग मीही मागितली. पाठ केलेलं एकही वाक्य आठवलं नाही. तो म्हणाला, राहू द्या साहेब, बाथरूमवालं मला आवडलं. ते जास्त लागलं.

बँडवाल्यांनी आठ दिवस वाढवून दिलेत. चाळीस जणांची मापं नव्याने घ्यायची. वहिनी टेप लावतात, मी लिहितो. मी म्हटलं, दुसऱ्या वहीतही उतरवून ठेवतो, बॅकअप म्हणून. वहिनी मान वर न करता म्हणाल्या, ठेवा. पण भावजी, आधी ही मिटा, मग ती उघडा.

छाती अडतीस, बाही चोवीस. तीच ही मापांची वही. शेवटच्या पानावर लिहितोय. वहिनींना विचारून.